गव्हाचं सोवळं

देव न मानणाऱ्या माणसाच्या घरी मी जेवढं कडक सोवळं पाहिलं, तेवढं भिक्षुकी चालणाऱ्या माझ्या आजोळीही पाहिलं नाही. फरीदाबादचे आमचे घरमालक काका जानव्याला दोरा म्हणत. आरतीला टाळ्या वाजवत त्या तालासाठी आणि सत्यनारायणाला जात ते शिऱ्यासाठी. अशा माणसानं एका संध्याकाळी मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर अडवलं.

"ऑफिसातनं सरळ आलास? वाटेत काही खाल्लंस? खरं सांग."

"एक सामोसा खाल्ला, काका."

"मग तिथंच थांब. मिशा धुऊन ये."

सामोसा केव्हाच पोटात गेला होता, पण काकांचा माझ्या मिशांवर विश्वास नव्हता. त्यांच्या स्वतःच्या मिशा माझ्या दुप्पट होत्या, तो भाग वेगळा. मी अंगणातल्या नळावर जाऊन मिशा धुतल्या. आतून काकूंचा आवाज आला, "माझ्या सासूबाई निदान आंघोळीवर भागवायच्या हो."

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरातलं सरकारी क्वार्टर मिळेपर्यंत थोडे दिवस काढू म्हणून मी काकांच्या गच्चीवरच्या खोलीत राहायला आलो होतो. सरकारी थोडे दिवस किती असतात हे सरकारी नोकरांना सांगायला नको. नवं शतक नुकतंच लागलं होतं, सेक्टरच्या मार्केटात पिझ्झ्याचं पहिलं दुकान उघडलं होतं आणि काका नुकतेच रिटायर झाले होते.

ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात त्यांचा जन्म तपासणी खात्यात गेला. नोकरी सुटली तरी खातं सुटलं नव्हतं. जगातल्या वस्तूंचे त्यांच्या लेखी दोनच प्रकार, पास आणि रिजेक्ट. माझी इस्त्री रिजेक्ट. शेजाऱ्यांचा जावई रिजेक्ट. दिल्लीची थंडी पास, दिल्लीची डाळ रिजेक्ट, कारण तिच्यात त्यांच्या मते हिंग कमी. काकूंचा चहा त्यांनी कधी रिजेक्ट केलाच, तर काकू हुज्जत घालत नसत. कप उचलून बेसिनमध्ये ओतत आणि वर्तमानपत्र वाचायला बसत.

दोन गोष्टींपुढे मात्र काका नरम पडायचे. एक पोळी आणि दुसरा हिंग. "भात आजाऱ्यानं खायचा. जेवण म्हणजे पोळी," हे वाक्य मी त्यांच्याकडे जेवलो त्यापेक्षाही जास्त वेळा ऐकलं. काकूंची घडीची पोळी ते आधी उजेडाकडे धरत, पदर सुटलेत का बघत, मग मान हलवून ताटात घेत. "वाईहून मी इकडे नोकरीसाठी नाही आलो, यार. गव्हासाठी आलो," म्हणायचे. फोडणी मात्र त्यांचीच. रिटायर झाल्यापासून संध्याकाळची आमटी ते स्वतः करत. हिंगाची पिवळी डबी गॅसशेजारी असे आणि चिमूट नेहमी दोन बोटांची नसून तीन बोटांची असे.

आणि त्या स्वयंपाकघराला दार नव्हतं. चौकट होती, उंबरा होता, पण दार नव्हतं. याची गोष्ट काका प्रत्येक नव्या माणसाला सांगत, मलाही सांगितली. लहानपणी त्यांचा एक जिवलग मित्र तहानलेला म्हणून घरी आला. काकांची आई सोवळ्यात होती. तिनं मुलाला उंबऱ्याबाहेर बसवलं आणि वरून त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. तो पाणी प्यायला, तोंड पुसलं, आणि पुन्हा कधीच त्यांच्या घरी आला नाही. गोष्ट दरवेळी तीच असे आणि काकांचा आवाज दरवेळी ओंजळीपाशी अडायचा. "घर बांधलं तेव्हा सुताराला सांगितलं, इथं दार नको. माझ्या चुलीपाशी माणूस अडवायचा नाही."

हे त्यांनी पाळलंही. गल्ली झाडणारी बाई थंडीत काकूंच्या गॅसपाशी पाट घेऊन चहा प्यायची. पोस्टमन आत जाऊन फ्रिजमधलं पाणी स्वतः घ्यायचा. मुलानं दिल्लीतल्या टिळक नगरच्या शीख मुलीशी लग्न ठरवलं, तेव्हा आमच्या मराठी मंडळींत थोडी कुजबुज झाली. काका मात्र लग्नात तपासणी खात्याच्या शिस्तीत भांगडा नाचले आणि विहीणबाईंना, म्हणजे बीजींना, हात जोडून म्हणाले, "बीजी, हमारी रसोई में दरवाज़ा ही नहीं है. जब मर्ज़ी आइए." बीजींना ते इतकं आवडलं की त्यांनी ते टिळक नगरभर सांगितलं.

सूनबाईचं नाव जसमीत. मुलगा नोकरीपायी निम्मा महिना बाहेरगावी, त्यामुळे घरात काका, काकू आणि ती. मोकळी, हसरी पोरगी. शुक्रवारी ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर पिझ्झा खाऊन यायची आणि काकांसाठी एक तुकडा रुमालात बांधून आणायची. लग्नानंतर वर्षभरात ती वाळत गेली. पोट बिघडायचं, थकायची, केस गळायचे. कुणी म्हणालं कावीळ, कुणी म्हणालं दिल्लीचं पाणी, एका आत्याबाईंनी तर थेट दृष्टच काढायला सांगितली. शेवटी दिल्लीतल्या एका मोठ्या इस्पितळात निदान झालं. गव्हात जो चिकटा असतो, ज्याला ग्लूटेन म्हणतात, तो तिच्या आतड्यांना सोसत नव्हता. पोळी, ब्रेड, रवा, मैदा, बिस्किट सगळं बंद, आणि तेही जन्मभर. डॉक्टर म्हणाले, कणभरही नको.

 त्या रात्री जेवताना काका एवढंच म्हणाले, "पंजाबची पोर, आणि गव्हाशी वैर. काय बोलायचं?" पोळी पानात तशीच राहिली होती.

दुसऱ्या दिवसापासून घरात सोवळं सुरू झालं. काकूंचं पोळपाट-लाटणं मागच्या व्हरांड्यात हद्दपार झालं. काकांच्या पोळ्या आता तिथं होत आणि काकाही तिथंच जेवत. जसमीतचा तवा वेगळा, चाळणी वेगळी, भांडी घासायचा काथ्या वेगळा. 'कणभर' हा शब्द काकांनी फार मनावर घेतला होता. स्वयंपाकघराच्या चौकटीला दार नव्हतं, म्हणून ते स्वतःच दार झाले. वेताचा मुढा टाकून उंबऱ्यात बसायचे आणि येणाऱ्याची झडती घ्यायचे. पोस्टमनला पाणी अंगणात मिळू लागलं. गल्ली झाडणारी बाई चहा बाहेर पिऊ लागली, कारण तिच्या पदराच्या गाठीत नेहमी पाव असायचा. काकूंनी एकदा विचारलं, "तुमच्या आईचा फोटो पुसून पुन्हा लावू का भिंतीवर?" काकांनी मुढा उंबऱ्यात आणखी पुढे ओढला.

जसमीत पथ्य नीट पाळत होती. पण शुक्रवारी ती लवकर घरी यायला लागली. काकूंनी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "मम्मी, पिझ्झा की बात नहीं है. सब एक ही प्लेट से उठाते हैं ना, और मैं अपना डिब्बा खोलती हूँ. फिर सब चुप हो जाते हैं." काका मुढ्यावर बसून ऐकत होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "पिझ्झ्याला तळ म्हणून गहूच लागतो, असं कुणी ठरवलं?"

झालं. तपासणी खात्याला काम मिळालं.

अट एकच होती. तळ गव्हाचा नको, पण त्रिकोणी तुकडा कडेनं धरून उचलला तर त्याचं टोक वाकता कामा नये आणि मोडताही कामा नये. तुकडा हातात धरून खाता आला तरच तो पिझ्झा, नाहीतर ते कालवण, असं काकांचं म्हणणं. रिजेक्ट झालेला सगळा माल गच्चीवर माझ्याकडे यायचा. त्या वर्षात मी काय काय खाल्लं हे माझ्या आईला अजून सांगितलेलं नाही.

पहिला तळ तांदूळ-उडदाच्या आंबवलेल्या पिठाचा. जसमीत चवीनं खाऊन म्हणाली, "पापा, बहुत अच्छा है, पर ये उत्तपम है." रिजेक्ट. मग नवरात्र आलं. नवरात्रात दिल्लीतल्या प्रत्येक वाण्याकडे उपासाला कुट्टूचं आणि शिंगाड्याचं पीठ मिळतं. नास्तिक काका देवीच्या भक्तांच्या रांगेत उभे राहून दोन्ही पिठं घेऊन आले. कुट्टूचा तळ काळपट आणि इतका कडक झाला, की तो कापायला त्यांनी गॅरेजमधून करवत आणली. पुढचा फुलकोबीचा. कोबी किसून, वाफवून, फडक्यात पिळून थापला. त्या दिवशी बीजी आल्या होत्या. त्यांनी एक घास घेतला आणि भाबडेपणानं विचारलं, "ये तो गोभी के पराँठे का अंदर वाला है. पराँठा कहाँ है?"

मग पुण्याहून काकांच्या बहिणीची थालीपिठाची भाजणी आली. काकांना वाटलं, आता जिंकलो. फडक्यावर थापलेलं थालीपीठ तव्यावर टाकलं, वर टोमॅटो, चीज, सगळा थाट. जसमीत ताट घेऊन उभी. काकू कोथिंबीर निवडता निवडता म्हणाल्या, "भाजणीत गहू असतात, ठाऊक आहे ना?" जन्मभर थालीपीठ खाल्लेल्या माणसानं भाजणीत काय काय असतं हे एकदाही विचारलेलं नव्हतं. काकांनी जसमीतच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि तवा घेऊन तसेच व्हरांड्यात गेले. ते थालीपीठ मी खाल्लं. उत्तम होतं.

शेवटी ज्वारी. पिठाची उकड काढून केलेला तळ चवीला झकास होता, पण त्रिकोण कापला की टोकाशी मोडायचा. चिकटा हवा होता आणि तो गव्हाखेरीज कुठं मिळेना. काका रोज निजताना पोट साफ राहायला पेल्यात इसबगोल घेत आणि ही गोष्ट पाहुण्यांपासून लपवत. एके सकाळी त्यांनी आरडाओरडा करून सगळं घर गोळा केलं. रात्री घ्यायला विसरलेला पेला त्यांच्या हातात होता. पाणी थिजून त्यात चमचा ताठ उभा होता.

"हाच! हाच माझा चिकटा!"

"अहो, इतकी वर्षं जे सांगायला लाजत होतात, ते आता पिझ्झ्यात घालणार?" काकूंनी विचारलं.

"बिल्कुल घालणार."

रविवारी पिझ्झा झाला. ज्वारीची उकड, त्यात इसबगोल, हलक्या हातानं थापून तव्यावर दोन्ही बाजू भाजलेला तळ. वरचा टोमॅटोचा रस काकांनी स्वतः केला. तेलात लसूण, लाल मिरची आणि तीन बोटांची चिमूट हिंग. "इटलीवाल्यांना हिंग ठाऊक नाही, त्यांचं नशीब." बीजीही टिळक नगरहून मक्याच्या रोट्यांचा डबा घेऊन आल्या होत्या. काकांनी एक त्रिकोण कडेनं धरून उचलला. टोक वाकलं नाही, मोडलं नाही. काकांनी तो उजेडाकडे धरून पाहिला. मग हळूच म्हणाले, "पास." जसमीतनं सुरी घेतली, स्वतः तुकडे कापले आणि एकाच थाळीतून सगळ्यांना वाटले. ती हसत होती. इतक्या दिवसांत मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती अंथरुणावरून उठू शकली नाही.

पथ्य सुरू होऊन महिने झाले तरी ती पुरती बरी होतच नव्हती, पण हा दणका मोठा होता. काकांनी कारखान्यातल्यासारखी चौकशी केली. तळ त्यांचा, रस त्यांचा, भांडी त्यांची. बाहेरून आलेला एकच जिन्नस होता, तो म्हणजे बीजींचा डबा. मका चक्कीवर गव्हानंतर दळला असणार, नाहीतर रोटी गव्हाच्या तव्यावर भाजली असणार. निकाल लागला.

पुढच्या रविवारी बीजी आल्या. लेक आजारी म्हणून घाईघाईनं रिक्षातून उतरल्या, हातात डबा, आणि नेहमीप्रमाणे थेट स्वयंपाकघराकडे निघाल्या. काका मुढ्यावरून उठले.

"बीजी, डब्बा बाहर रखिए. और आप भी... पहले हाथ धो लीजिए. चुन्नी भी बदल लीजिए, हमारी श्रीमती देंगी. आटा लगा होगा."

बीजी उंबऱ्यापाशी थांबल्या. त्यांनी आधी स्वतःच्या ओढणीकडे पाहिलं, मग काकांकडे.

"भाई साहब, बेटी लेते वक़्त आपने जात नहीं पूछी थी. अब रसोई में पूछ रहे हो?"

"नहीं नहीं, जात की बात नहीं है, बीजी..."

पण बीजींनी डबा अंगणातल्या ओट्यावर ठेवला होता. आजारी लेकीच्या खोलीत जाऊन त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि चहा न घेता निघून गेल्या. जसमीत अंथरुणातून उठून अंगणात आली. तिनं तो डबा उचलला आणि न उघडता आपल्या कपाटात ठेवला. मला काका फार आवडत, पण त्या दिवशी मला त्यांचा राग आला.

नंतर बीजी आल्याच नाहीत. फोनवर लेकीशी बोलायच्या, पण काकांनी रिसीव्हर घेतला की "अच्छा जी, रखती हूँ" म्हणायच्या. जसमीत आईला भेटायला जायची आणि डोळे लाल करून यायची. काका म्हणत, "तिच्याच भल्यासाठी केलं ना मी?" पण हे ते कुणाकडे न बघता म्हणत.

एका संध्याकाळी काका आमटीला फोडणी देत होते. काकू चौकटीत उभ्या राहिल्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "बीजी येईनाशा झाल्या, तरी पोरीचं पोट बिघडतंच आहे. मग गहू घरात आणतंय कोण?"

काकांनी गॅस बंद केला. मला खाली हाक मारली, भिंग आणायला लावलं, आणि आम्ही फळीवरचं एकेक पुडकं उजेडात धरून वाचायला लागलो. मसाले झाले, पापड झाले. शेवटी गॅसशेजारची पिवळी डबी. तिच्यावरची बारीक अक्षरं मी मोठ्यानं वाचली. गव्हाचं पीठ, खाण्याचा डिंक, हिंग. हिंगाच्या डबीत हिंग सगळ्यात शेवटी होता.

तीच चिमूट सगळीकडे गेली होती. रोजच्या आमटीत, भाजीत, आणि त्या रविवारच्या पिझ्झ्यात. वर्षभर सगळं घर तळाच्या मागे लागलं होतं आणि गहू वरून पडत होता, काकांच्याच तीन बोटांतून. ते उठले, उंबरा ओलांडून बाहेर आले आणि मुढ्यावर बसले. "सूनबाईला सांगा," ते म्हणाले, "मला आत येऊ देऊ नकोस." ओंजळीच्या गोष्टीत त्यांचा आवाज अडायचा, तसाच आता अडला होता.

सकाळी आम्ही स्कूटरवरून टिळक नगरला गेलो. ते पुढे, मी मागे, माझ्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेले ज्वारीचे तळ. फरीदाबादहून टिळक नगर म्हणजे जवळ नाही. एवढ्या वाटेत काका एकदाही कुणाच्या गाडीला रिजेक्ट म्हणाले नाहीत.

बीजी स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या. काका त्यांच्या उंबऱ्याबाहेर उभे राहिले. आत गेले नाहीत.

"बीजी, आपका डब्बा ठीक था. गेहूँ मेरे हाथ में था. मेरी हींग में." मग त्यांना हिंदी पुरेना. "चुकलो मी," ते मराठीतच म्हणाले. "माझ्या आईनं जे केलं, तेच मी केलं."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं. बीजींनी कणकेचा हात वर करून मला थांबवलं. 

"अंदर आ जाओ, भाई साहब. हमारे यहाँ दरवाज़ा है, पर हम बंद नहीं करते."

काका आत गेले. बीजींनी चहा दिला आणि म्हणाल्या, "मैं आऊँगी. पर चुन्नी नहीं बदलूँगी."

परत येताना काका म्हणाले, "माणूस नाही अडवायचा. गहू अडवायचा." त्याच दिवशी व्हरांड्यातलं पोळपाट-लाटणं शेजारणीला गेलं, कणकेचा डबा गेला. फाटकाशी एक फळी ठोकली गेली आणि तिथंच नळ नेला. येणाऱ्यानं पाव-बिस्किटं फळीवर ठेवायची, हात धुवायचे, आणि मग थेट चुलीपर्यंत जायचं. आम्ही त्याला जकात नाका म्हणायचो. मुढा चौकटीतून उठला. डबीतला हिंग जाऊन खडा हिंग आला. जसमीत भरू लागली, गालांवर रंग आला. ऑफिसच्या मैत्रिणी शुक्रवारी तिच्याकडे पिझ्झा खायला येऊ लागल्या. गल्ली झाडणारी बाई फळीवर पाव ठेवून पुन्हा पाट ओढून बसू लागली.

काकांना गहू बंद नव्हता. काकू म्हणाल्यादेखील, पोळपाट परत आणून मी व्हरांड्यात लाटून देते. "व्हरांड्यात पोळी चालते, तर मग बीजींना का अडवलं होतं?" असं म्हणून काकांनी ताटात भाकरी ओढली. भात आजाऱ्यानं खायचा, हे वाक्य मी पुन्हा ऐकलं नाही.

पुढं मला क्वार्टर मिळालं, लग्न झालं. बायकोच्या पोळीला पदर सुटतात, हे कळल्यावर मला पहिली आठवण काकांची आली. एका सुट्टीच्या दिवशी मी गूळ-तूप लावून एक पोळी गुंडाळली आणि फरीदाबाद गाठलं. काका फाटकाशी उभे होते. थकले होते, पण मिशा तशाच. मी पुडी फळीवर ठेवली. त्यांनी ती उघडली, पोळी उलगडून उन्हाकडे धरली आणि पदर पाहिले.

"पास," ते म्हणाले. डोळे भरले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांनी ती पोळी सावकाश, शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. नळावर साबणानं हात धुतले, चूळ भरली. "चल आत. पिझ्झा आहे," म्हणत ते वळले.

बिनदाराच्या चौकटीत मुढा टाकून बीजी लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"भाई साहब, मूँछें धोईं?"

काका थांबले, मिशांना हात लावून पाहिला, आणि मुकाट्यानं नळाकडे परत गेले.